दुपारी थकणारा डोळा

ताईचा फोन सकाळी आला. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होतो, एका पायात बूट आणि एक हातात, आणि ती एकदम म्हणाली, "हे नकाशांचं काम आता तू दुसऱ्या कोणाले देऊन टाक. माझ्यानं नाही होत."

मी तसाच पलंगावर बसलो. ताईच्या तोंडून "माझ्यानं नाही होत" हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "वेळ नाही भेटला," आणि विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचायचा नाही. अशी बाई काम सोडते म्हणते, म्हणजे काहीतरी झालं होतं.

"काहून वं ताई? काय झालं?"

"झालं काही नाही. पुरे झालं, बस."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

हे नकाशांचं काम म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ताईचा डावा डोळा बिघडला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या डोळ्यानं तिला माणसाचे कान दिसायचे, पण चेहरा दिसायचा नाही. उजवा डोळा बरा होता, पण कमजोर. तोही डाव्याच्या वाटेनं जाईल का, यावर डॉक्टरीणबाईंचं उत्तर असं होतं की जाईल किंवा जाणारही नाही, लक्ष ठेवायचं. ताईनं ते ऐकून घेतलं आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

त्याच सुमारास ती आमच्याकडे अमरावतीला थोडे दिवस राहायला आली होती. इथे कमी दिसणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथल्या बाईंनी तिला मुलांशी बोलायला बोलावलं. तिथे एक मुलगी भूगोलाचं पुस्तक नाकाला टेकवून नकाशा पाहत होती. ताईनं तिला विचारलं, काय दिसते? मुलगी म्हणाली, "चिखल. रंगीत चिखल."

ताई घरी आली आणि ताटावरून उठता उठता मला म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरवर नकाशा काढता येते का?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कॉम्प्युटर ही माझी हौस. माझा एक जुना, थकलेला कॉम्प्युटर पडून होता. त्यावर मी लिनक्स ही जुन्या यंत्रावरही चालणारी संगणकप्रणाली चढवली, नकाशे काढायचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला आणि तो अकोल्याला तिच्या फ्लॅटमध्ये नेऊन मांडला. लिनक्स घ्यायचं आणखी एक कारण होतं. त्यात एक भिंग होतं. ते चालू केलं की सगळी स्क्रीन चौपट मोठी व्हायची आणि माउस हलवावा तशी स्क्रीन त्याच्यामागे सरकायची. मोठ्या कागदावर भिंग फिरवत वाचतात ना, तसं. ताईला ते फार आवडलं. पहिल्याच दिवशी तिनं स्क्रीनवर वऱ्हाडाचा नकाशा उघडला आणि पूर्णा नदीच्या काठाकाठानं माउस नेत नेत बराच वेळ बसली.

तिचा नियम एकच होता: एका नकाशात एकच गोष्ट. नद्यांचा नकाशा असेल तर फक्त नद्या. जिल्हे असतील तर फक्त जिल्हे. फिक्या पिवळ्या रंगावर गडद निळ्या जाड रेषा, आणि अक्षरं अशी की डोळे बारीक न करता वाचता यावीत. सकाळी ती एकटी बसून रेषा काढायची. माझं कॉलेज सकाळचं. दुपारी जेवून मी अमरावतीहून तिच्या कॉम्प्युटरला जोडला जायचो. रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याला. तिची स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर दिसायची, दोघांचे माउस एकाच बाणाला हलवायचे, फोन स्पीकरवर असायचा आणि आम्ही मिळून गावांची नावं बसवायचो. वरूड इथे की थोडं वर? चांदूर बाजारचं नाव लांब आहे, दोन ओळींत घ्यायचं का? कितीतरी वर्षांनी आम्ही भावंडं रोज एकमेकांशी बोलत होतो.

त्रास एकच होता. जोडणी भयंकर हळू चालायची.

मी इकडे माउस हलवला की बाण तिकडे पोचेपर्यंत मला पाण्याचा घोट घेऊन यायला वेळ मिळायचा. एक नाव उचलून दुसरीकडे ठेवायचं म्हणजे अंदाजाने सोडायचं आणि वाट पाहायची. मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. तिच्या स्क्रीनच्या मागचं चित्र काढून टाकलं. खिडक्या उघडता मिटताना होणाऱ्या करामती बंद केल्या. रंग कमी केले. चित्राचा दर्जा कमी केला, तर माझ्याकडे सगळं धुरकट दिसू लागलं आणि वेग मात्र होता तेवढाच. वायफायचा दोष असेल म्हणून तिच्या हॉलमधल्या राऊटरपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीकडेनं वायर टाकून घेतली. इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्यानं वेग मोजून दाखवला, चांगला होता. माझ्याकडचाही चांगला होता.

या सगळ्यात मी ताईला एक प्रश्न दोन-तीनदा विचारला होता. "तुझ्याकडे अडकते का? की फक्त माझ्याकडेच?"

दर वेळी तिचं उत्तर तेच. "माझ्याकडे ठीक हाये. तुझ्याकडेच काहीतरी असंल."

म्हणून मी माझ्याकडे आणि मधल्या वाटेवर दोष शोधत राहिलो. तिच्याकडे पाहायचं कारणच नव्हतं.

होळीनंतर तिच्या कामात चुका दिसू लागल्या. नांदगाव खंडेश्वरचं नाव भलत्याच जागी पडलेलं असायचं. एकदा तिनं एकच अक्षर चार वेळा टाइप केलं. मी दाखवलं तर म्हणाली, "राहू दे, उद्या करीन." पूर्वी ती संध्याकाळपर्यंत बसायची, आता थोड्याच वेळात म्हणायची, "आज एवढंच. दुपारनंतर डोळा थकते." मला वाटलं, रोज रोज तेच काम, कंटाळली असेल. माझ्या हळू जोडणीला वैतागली असेल. आणि मग तो सकाळचा फोन.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बडनेरा स्टेशनवरून गाडी धरून अकोल्याला गेलो.

ताईनं दार उघडलं. नेहमीसारखं "आला का रे" म्हणाली, पाणी दिलं. ज्वारीची भाकर आणि बेसनाच्या पाटोडीची भाजी केली होती. ती मला आवडते म्हणून केली होती, आणि आवडीचं करून घातलं की माणूस फार विचारत नाही, हेही तिला ठाऊक होतं. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर तिनं जुन्या साडीचा तुकडा झाकून ठेवला होता. कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवला होता.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "ताई, खरं सांग."

ती बडीशेप चघळत बसली होती. म्हणाली, "उजवा बी चालला."

बाहेर कुलर घरघरत होता. मला क्षणभर वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून. सकाळी बरा असते. दुपारी काम कराले बसली का बाण गायब होते. असते असते आन् एकदम नसते. मग तिसरीकडेच दिसते. अक्षर टाकते तर दिसतच नाही, म्हणून पुन्हा टाकते. मग चारही दिसतात." ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "डाव्याचं बी असंच झालं होतं सुरुवातीले. मधातलं काही काही गळून जाये."

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"नाही."

"काहून नाही?"

"त्यांनी सांगितलं का मग ते खरं होते," ताई म्हणाली.

मी वर्गात मुलांना सांगतो की मोजल्याशिवाय अनुमान काढू नका. पण समोर बसलेल्या सख्ख्या बहिणीला ते सांगायची हिंमत झाली नाही. तिच्या आतल्या खोलीत ती रोज दुपारी बसायची, बाण हरवायचा, आणि फोनवर मला सांगायची, माझ्याकडे ठीक आहे. ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

मी म्हटलं, "निदान झालेलं काम तरी माझ्याकडे उतरवून घेतो. शाळेला अर्धे का होईना, नकाशे देऊ."

"घे," ती म्हणाली. तिनं स्वतःच साडीचा तुकडा बाजूला केला, कीबोर्ड खाली काढला आणि कॉम्प्युटर सुरू केला. मग सवयीनं खुर्चीत बसली. शेवटचा नकाशा उघडला. मेळघाटाचा होता. बसल्या बसल्या तिनं एक रेष सरळ केली. मग दुसरी. मग अचलपूरचं नाव उचलून जागेवर ठेवलं.

"आज बरं दिसून राहिलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली.

"दुपार आहे ना पण?"

"हो न. तू जवळ हायेस म्हणून असंल."

मी पलीकडे पलंगावर लॅपटॉप उघडून बसलो. फाईल उतरवून घ्यायच्या म्हणून रोजच्यासारखा तिच्या कॉम्प्युटरला जोडला गेलो. पेन ड्राइव्ह लावला असता तरी चाललं असतं. पण हाताला जी सवय लागलेली असते तेच माणूस करतो, आणि त्या दिवशी त्या सवयीचे माझ्यावर उपकार झाले.

थोडा वेळ गेला. ताईचा माउसवरचा हात थांबला. तिनं तो उचलून मांडीवर ठेवला.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"बाण गेला. पाह्य, हे असं होते. आत्ता होता."

तिचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. मी उठलो आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. "हलव बरं पुन्हा."

तिनं माउस हलवला. स्क्रीनवर मेळघाटाच्या जाड निळ्या रेषा होत्या, पिवळा रंग होता. बाण कुठेच नव्हता. मी वाकून पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. नव्हता. तिनं कीबोर्डवर काही अक्षरं दाबली. काही उमटलं नाही. आम्ही दोघं स्क्रीनकडे पाहत राहिलो. मग एकाएकी सगळी स्क्रीन गचका बसल्यासारखी सरकली, बाण वरच्या कोपऱ्यात उगवला आणि तिनं दाबलेली सगळी अक्षरं एकदम येऊन पडली.

"ताई," मी म्हटलं, "मलेही नाही दिसला."

"मले बरं वाटावं म्हणून बोलू नको."

"अवं खरंच सांगतो. बाण नव्हताच तिथे. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत आणि मलेही नाही दिसला."

ती वळून माझ्याकडे पाहू लागली. मी पलंगाकडे गेलो आणि लॅपटॉपवरची जोडणी तोडली. "आता हलव."

बाण पळाला. तिनं गोल गोल फिरवला, वर नेला, खाली आणला. स्क्रीन त्याच्यामागे लोण्यासारखी सरकत होती.

मी पुन्हा जोडला गेलो. थोड्या वेळानं बाण अडखळला, गायब झाला.

तोडलं. पळाला.

"अजून एकदा कर," ताई म्हणाली. मी केलं. "अजून एकदा." शाळेत एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आलं तरी ती पुन्हा करून दाखव म्हणायची, तसं तिनं माझ्याकडून ते किती वेळा करून घेतलं ते माझ्या ध्यानात नाही. प्रत्येक वेळी तेच झालं.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे हा तू होता?"

"मीच होतो."

"दुपारी तू येते. म्हणून दुपारी डोळा थकते."

"हो."

"आन् मी इतके दिवस…" ती बोलता बोलता थांबली, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि पदरानं ती हात पुशीत होती. "चहा ठेवते," ती म्हणाली. "तू ते काय हाये ते नीट कर."

नीट करायला आता सोपं होतं, कारण कुठे पाहायचं ते कळलं होतं. यंत्राच्या आत कोणतं काम किती ताकद खातं आहे हे दाखवणारी एक खिडकी असते. ती उघडली. मी जोडलेला नसताना कॉम्प्युटर निवांत बसलेला. मी जोडला गेलो आणि ताईनं माउस हलवला की तिची स्क्रीन माझ्याकडे पाठवणारा प्रोग्राम सगळीच्या सगळी ताकद ओढून घ्यायचा. बाण हलवायलासुद्धा काही उरायचं नाही.

कारण होतं ते भिंग. रिमोट डेस्कटॉप काही सारखी पूर्ण स्क्रीन पाठवत नाही. जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवतो. तुम्ही एक अक्षर टाइप केलं, तर त्या अक्षरापुरता चौकोन. त्यावर त्याचं भागतं. पण ताईच्या भिंगात माउस बोटभर हलला की अख्खी स्क्रीन सरकायची. म्हणजे प्रत्येक वेळी सगळंच बदललेलं. ते सगळं पुन्हा गुंडाळा, पुन्हा पाठवा, ते पोचतं न पोचतं तोच ताईनं माउस आणखी थोडा हलवलेला. जुनं यंत्र ते, धापा टाकत होतं; नकाशे भरत गेले तसा तिच्याकडचा बाणही हरवू लागला. मी इंटरनेटवर, वायरवर, रंगांवर संशय घेत होतो. तिथे काहीच नव्हतं.

भिंग बंद करून पाहिलं तर जोडणी लगेच हलकी झाली. पण भिंगाशिवाय ताई काम कशी करणार? तो रस्ता नव्हताच. तिची स्क्रीन आहे तशी राहू द्यायची आणि मीच तिच्यातून बाहेर पडायचं, हे उघड होतं. लिनक्सवर ते करता येतं. एकाच यंत्रावर दोन माणसं आपापल्या वेगळ्या टेबलांवर बसल्यासारखी काम करू शकतात, एकाची स्क्रीन दुसऱ्याला दिसतही नाही. त्यासाठी लागणारा प्रोग्राम टाकला, ताईच्याच नावानं आत शिरायला गेलो, तर समोर काळी स्क्रीन. पुन्हा केलं, पुन्हा काळी.

"काय झालं?" ताई चहा घेऊन आली होती.

"तू आधीच आत बसलेली आहेस ना. त्याच नावानं मी दुसऱ्यांदा आलो तर यंत्राला कळत नाही काय करावं."

"मंग आपल्या नावानं ये न. माझ्या नावानं कायले येतं?"

तेच करायचं होतं. माझं वेगळं खातं उघडलं. माझ्यासाठी साधं, बिनसजावटीचं डेस्कटॉप ठेवलं, कारण पाठवायला जितकं कमी तितकं बरं. भिंग फक्त तिच्याकडे. नकाशांच्या फाईल दोघांनाही उघडता येतील अशा एका फोल्डरमध्ये हलवल्या. मग लॅपटॉप तिच्या वायफायवरून काढून मोबाईलच्या इंटरनेटवर घेतला, म्हणजे अमरावतीला बसल्यासारखं व्हावं. जोडला गेलो. नकाशा उघडला. वरूडचं नाव धरलं, ओढलं. ते माझ्या बोटाबरोबर आलं. वाट पाहावी लागली नाही. इतक्या महिन्यांनी ते पाहून मी मोठ्यानं हसलो.

पण खरी परीक्षा तिकडे होती. "तू तिकडे काहीबी कर," ताई म्हणाली. "सगळं उघड. मी पाहते." मी एकामागून एक नकाशे उघडले, मोठे केले, लहान केले, खिडक्या इकडून तिकडे ओढल्या. ताई आपल्या स्क्रीनवर बाण फिरवत होती. सातपुड्यावरून खाली, पूर्णेच्या काठानं पश्चिमेला, मग परत. बाण कुठेच हरवला नाही.

"आहेस का तू आतमधी?" तिनं विचारलं.

"आहे."

"कळत बी नाही." आणि मग जरा थांबून, "हे बरं हाये. आधी तू मांडीवर येऊन बसल्यासारखा वाटे."

त्या रात्री मी तिथेच राहिलो. सकाळी मी डॉक्टरचा विषय काढला. मला भीती होती ती नाही म्हणेल. जोडणीचा दोष सापडला, पण डोळ्यात काही नाहीच असं त्यानं सिद्ध होत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण तिनं साडी आधीच बदलली होती. "चाल," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, यंत्राला डोळा लावायला सांगितला, चौकटींचा कागद समोर धरून रेषा वाकड्या दिसतात का विचारलं. मी बाहेर बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं डोळ्याचं मोठं चित्र पाहत होतो. आत बोलावलं तेव्हा बाई ताईवर रागावत होत्या. उजवा डोळा मागच्या वेळी होता तसाच होता. काही बदल नव्हता. राग याचा होता की एवढी शंका आली असताना ताई लगेच का आली नाही. "तुम्ही शिक्षिका ना? मग मनानंच निकाल लावून मोकळ्या कशा झाल्या?" ताई खाली मान घालून ऐकत होती. इतक्या आनंदानं बोलणी खाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

परत येताना रिक्षात बसल्याबरोबर तिनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. थेंबांमुळे अजून नीट दिसत नव्हतं, तरी वाचत होती. कापड दुकान. कृषी केंद्र. दातांचा दवाखाना. चष्म्याचं दुकान आलं तेव्हा ते जरा जास्तच जोरात वाचलं. रिक्षावाला आरशातून पाहू लागला. मी त्याला म्हटलं, "वाचू द्या हो." तो म्हणाला, "वाचू द्या न, मी कुठं नाही म्हणलं." पुढे त्यानंच एका वळणावर रिक्षा हळू केली आणि म्हणाला, "बाई, ते निळं बोर्ड राहिलं तुमचं." ताईनं ते वाचलं.

घरी अमरावतीला येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं आणि म्हणाली, "तुमच्या घरात कोणी कोणाला काही सांगतच नाही. एकानं सांगितलं असतं की बाण दिसत नाही, तर दुसऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की मलाही दिसत नाही." मग पुन्हा लाटायला लागली.

नव्या रचनेत एक गोष्ट मात्र गेली. आता आम्ही एकच स्क्रीन पाहत नव्हतो. "हे बघ, इथं" म्हणून बाणानं दाखवता यायचं नाही. फोनवर तोंडानं सांगावं लागायचं: मेळघाटाच्या खाली, डाव्या हाताला, जिथे नदी वळते तिथे. सुरुवातीला मला ते जड गेलं. ताईला नाही. वर्गात पाठमोरी उभी राहून ती फळ्यावर नकाशा काढायची आणि मुलींना तोंडानंच सगळा देश फिरवायची. तीच पद्धत तिनं माझ्यावर वापरली. मी चुकलो की म्हणायची, "उत्तर दिशा कोणती हाये तुझी?" एकाच वेळी दोघांनी एक फाईल उघडायची नाही असं ठरवलं. मी एक नकाशा घेतो, ती दुसरा, झाला की सांगायचं. जोडणी इतकी हलकी झाली होती की मी विसरून जायचो की तो कॉम्प्युटर अकोल्यात आहे. आणि दुपारी, अगदी उन्हाच्या भर वेळी, ती तासन्‌तास बसू लागली. तिकडून कुलरचा आवाज आणि मधूनमधून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

शाळा उघडायच्या आत नकाशे छापून झाले. उघडल्यावर द्यायला आम्ही दोघं मिळून गेलो. ती चिखल म्हणणारी मुलगी आता वरच्या वर्गात गेली होती. ताईनं तिच्यापुढे नद्यांचा नकाशा ठेवला. मुलीनं सवयीनं तो नाकाशी नेला, मग हळूहळू लांब धरत गेली. हात पूर्ण लांब झाले तरी धरूनच होती. "ही पूर्णा," ती म्हणाली. "आणि ही वर्धा. ह्या दोघी भेटत नाहीत?"

"नाही," ताई म्हणाली. "एक एका समुद्राले जाते, दुसरी दुसऱ्याले."

"कोणकोणत्या?"

"ते पुढच्या नकाशात हाये," ताई म्हणाली. तसा नकाशा आम्ही केलेला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तो नकाशा त्याच आठवड्यात झाला. मग भारताचे झाले. डोळ्यांच्या तपासणीला ती आता ठरल्या वेळी जाते आणि आल्यावर फोन करून सांगते, मी न विचारता. आजवर दर वेळी एकच निरोप आला आहे: होता तसाच आहे. काल दुपारी मी जोडला गेलो तेव्हा फोल्डरमध्ये एक नवी फाईल दिसली. मी फोन लावला.

"हे काय काढून राहिली वं तू?"

"आफ्रिका," ताई म्हणाली. "तू त्याले हात लावू नको. नाईल मी काढतो म्हणशील, म्हणून आधीच सांगून ठेवते."